मुडद्यांची मालिका आणि आमचे काका

आमच्या घरात मुडद्यांची मालिका आधी आली आणि काका नंतर. मधे जेमतेम आठ दिवस गेले असतील. त्या मालिकेनंच काकांना ओढून आणलं, असं आईचं आजही ठाम मत आहे.

मालिका परदेशी होती, हिंदीत डब केलेली. माणसं मरतात, झॉम्बी होऊन उठतात आणि गावभर चावत सुटतात. मग एक औषध निघतं. त्यानं ती सुधारतात आणि सरकार त्यांना आपापल्या घरी पाठवतं. पुढची सगळी गोष्ट एवढीच, की घरचे त्यांना घरात घेतात का. माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर लातूरच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या, त्यामुळे घरातही ते पुकारूनच बोलतात. आठ वाजले की "चला, लागली!" अशी हाळी द्यायची आणि त्या सुधारलेल्या मुडद्यांसाठी डोळे पुसत बसायचं.

"चुकलेल्याला एक संधी द्यावी माणसानं," ते आईला सांगत.

"द्यावी की," आई मेथी निवडत म्हणे, "आधी त्याचे दात तेवढे बघावेत."

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. नांदेडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात सहा महिने काढून ते दिवाळीनंतर आमच्याकडे आले. त्याआधी माझ्या भावाच्या लग्नात ते नवरदेवाच्या अगोदर घोड्यावर चढले होते आणि उतरेनात. अर्धी वरात त्यांच्याच मागे गेली. नवरदेव चालत आला. बाबांनी त्या दिवशी तोंड फिरवलं ते फिरवलंच. आता परत घेताना त्यांनी दारातच अट घातली, "येळवशीपर्यंत नीट राहिलास तर रान तुझ्या हाती. न्हाई तर पहिल्या गाडीनं परत नांदेड."

काकांना दुसरं काही नकोच होतं. त्यांना शेतीच येते, आणि ती बाबांपेक्षा दसपट चांगली येते. हे सगळ्यांना माहीत होतं, बाबांनाही.

तेव्हापासून रोजचा एक विधी सुरू झाला. काका बाहेरून आले की बाबा उंबऱ्यातच अडवत. "हा कर." काका चपला काढून, हात मागे बांधून, "हाऽऽ" करत. बाबा वास घेत आणि जणू प्लॅटफॉर्म मोकळा करावा तसे बाजूला होत. कचरा टाकून आले तरी हा, देवळातून आले तरी हा. एकदा तर दूधवाल्यानं बेल वाजवली तेव्हा काकांनी दार उघडून सवयीनं त्यालाच हा करून दाखवला.

मग आठला दोघं भाऊ एकाच टीव्हीसमोर. काका दाराजवळच्या स्टुलावर.

"दादा, त्याला बी इचारायलेत बघा, गोळी खाल्ली का म्हणून."

"गप बस रे, बघू दे. बिचाऱ्यावर कुणी इस्वासच ठेवायला तयार न्हाई!"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी मनातल्या मनात हसायची. पण काका किराणा आणायला गेले की घड्याळ बघत मीच बसायची, हेही सांगायला हवं.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे शहर ओस पडतं आणि सगळे रानात जातात. कडब्याची खोप, म्हणजे झोपडी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील, पोट तटतटेपर्यंत. आदल्या संध्याकाळच्या भागात मालिकेतला एक सुधारलेला माणूस गोठ्यात निपचित पडलेला सापडला होता. हा पुन्हा बिघडला म्हणून गाव धावलं, सख्ख्या भावानं काठी उगारली, आणि तिथंच भाग संपला. बाबा नीट जेवलेही नाहीत.

खोप काकांनी एकट्यानं उभी केली. इतकी देखणी, की शेजारच्या रानातले लोक बघायला आले. जेवणं झाली आणि काका दिसेनात. मी शोधायला निघाले. विहिरीपलीकडे आंब्याखाली ते उताणे पडले होते, तोंड उघडं, शेजारी लवंडलेला तांब्या. मी हाक मारली. हूं नाही की चूं नाही.

मी जवळ जाऊन बघायला हवं होतं. मी धावत बाबांकडे गेले.

बाबा तुराटीची काठी घेऊन आले. "मला ठावंच होतं!" अख्ख्या शिवारानं ऐकलं. त्या आवाजानं काका उठले ते हुबेहूब मालिकेतल्यासारखे. डोळे लाल, हात पुढे, पावलं तिरपी. आई किंचाळून माझ्यामागे लपली. काकांच्या तोंडाला आंबूस वास येत होता.

"नांदेड! उद्या पहिल्या गाडीनं!"

"दादा, आंबील हाय ती," काका म्हणाले.

आईनं तांब्या हुंगला. आंबीलच होती. तिनं या वर्षी हौसेनं दोन दिवस आधीच घातलेली, चांगलीच चढलेली. मी एका शिकवणीत जीवशास्त्र शिकवते. किण्वनाचा धडा दरवर्षी माझ्याकडे असतो.

पण बाबा हार मानतील तर बाबा कसले. "आंबिलीनं कुटं एवढी झोप येती का?" म्हणाले आणि सिद्ध करायला उभ्या उभ्या दोन तांबे रिचवले. पाव तासात त्याच आंब्याखाली ते घोरत होते.

काका त्यांच्या उशाशी बसून उपरण्यानं माश्या वारत राहिले. उन्हं कलली तेव्हा बाबांनी डोळे उघडले. आम्ही सगळे भोवती उभे.

"दादा," काका हळू आवाजात म्हणाले, "हा करा."

बाबांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पडल्या पडल्याच तोंड उघडलं. "हाऽऽ."

"आंबीलच हाय," काका म्हणाले.

मी हसले, आणि मग काकांचे डोळे भरलेले दिसले. या माणसानं रोज कुणाकुणापुढं असं तोंड उघडलं होतं, माझ्याही देखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी करदोड्याला बांधलेली विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली सोडली आणि काकांच्या हातात दिली. "लाइट पहाटंच येती. पाणी द्यायचंय, झोपून राहू नको."

काका रानातच राहिले. घरी आठला बाबांनी टीव्ही लावला, पण हाळी दिली नाही. भाग संपल्यावर त्यांनी काकांना फोन लावला.

"आरं, भावानं काठी टाकली रे! घरात घेतलं त्याला!" गल्लीनं ऐकलं. मग ते कान देऊन पलीकडचं ऐकू लागले.

"आरं न्हाई, न्हाई, हा करू नको आता," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "जेवलास का, तेवढं सांग."