उणकलला निघालेला ट्रक

हेवी लायसन्स मिळालं त्याच महिन्यात आम्ही दुर्गदबैलहून उणकलला राहायला गेलो. सामानाचा ट्रक मीच चालवणार होते. माझे वडील, अप्पा, केबिनच्या खिडकीतून शेजाऱ्यांचा निरोप घेत होते. मी क्लच झटकन सोडला. ट्रक हिसका देऊन बंद पडला आणि अप्पांचा चष्मा मांडीत पडला.

“सावकाश गं,” म्हणून ते पुन्हा बोलू लागले.

मी इंजिन पुन्हा सुरू केलं. या वेळी पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला. इंजिनाचा आवाज जड झाला तसा हँडब्रेक काढला, मग बेताने ॲक्सिलरेटर दिला. ट्रक अलगद निघाला. अप्पांच्या खिडकीत आता शेजारी नव्हते, पानाचं दुकान होतं.

“अगं थांब, माझं बोलणं संपलं नाही!”

मी थांबले नाही. थांबले असते, तर पुन्हा निघावं लागलं असतं.