कळकलेलं ताक

कॉलेजात मूलद्रव्यांचं कोष्टक घोकून घेतलं होतं. डाव्या कडेचे सोडियम, पोटॅशियम पाण्याला शिवले की पेटतात, म्हणून रॉकेलात बुडवून ठेवायचे. उजव्या टोकाचे काही वायू कुणालाच शिवत नाहीत. "हे सोवळ्यातले," प्राध्यापक म्हणायचे. वर्ग हसायचा, मला संताप यायचा. मधल्या घरांत तांबं आणि जस्त: आंबट भेटलं की हळूहळू त्यात उतरणारी. सोनं तांब्याच्याच उभ्या रांगेतलं, पण त्याला ताकाचं सोयरसुतक नाही. हे मला पाठ होतं. पेपरात लिहून मार्कही घेतले होते. म्हणूनच पारनेरकडच्या त्या गावात जे झालं, त्याला माफी नाही.

गावच्या विहिरीवर महारवाड्याला पाणी भरू द्या, म्हणून आम्ही कॉलेजातल्या पोरांनी उन्हाळाभर पत्रकं वाटली. शेवटी पाटील वैतागले. "एकदा समद्यांनी मिळून जेवा. काही वंगाळ झालं न्हाई, तर विहीर मोकळी."

पंगतीच्या सकाळी ताक वाढायला महारवाड्यातली एक म्हातारी आली. चावडीवरचं मोठं पितळी पातेलं तिनं आतून न्याहाळलं.

"दादा, याची कल्हई उडालीया. कुंभाराकडनं कोरी मडकी आणा."

कल्हई उडणारच. जपान्यांनी मलाया घेतल्यापासून कल्हईचं कथील मिळेना, कल्हईवाले फिरकेनात. पण मला कोऱ्या मडक्यांचीच चीड. कोरं भांडं काढायचं ते विटाळाच्या भीतीनं, हे मीच पत्रकात लिहिलेलं.

"आजी, आज गावाच्याच भांड्यातलं प्यायचं. त्यासाठीच तर पंगत."

"तुमी शिकलेलं," ती म्हणाली आणि ताक ओतलं.

मग भाषणं. मी एकटाच दीड तास बोललो, जातिभेदावर. तेवढा वेळ ताक पितळेत आंबत होतं. वाढलं तेव्हा किंचित हिरवट दिसत होतं, पण उन्हानं तोंडं सुकलेली. सगळे घटाघटा प्याले.

घटकाभरानं ओकाऱ्या सुरू झाल्या. गावाला, महारवाड्याला, मलाही. जीव कुणाचा गेला नाही.

"बगितलं?" पाटील पोट धरून ओरडले. "तिच्या हातचं पोटात ठरलं न्हाई!"

"पाटील, ताक कळकलं! पितळेतलं तांबं ताकात उतरलं. घरात बायकांना विचारा!"

"व्हय, कळकलंच हाय," समोरच्या घराच्या दाराआडून एक बाई म्हणाली.

पाटलांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"भांडं कुनी ठरवलं?"

"मी."

"म्हातारी न्हाई म्हनत हुती?"

"हो."

"मग येवढं ज्याला कळंना, त्याच्या सांगन्यावर इहीर द्यायची व्हय?"

ओकणारी माणसंसुद्धा हसली. विहिरीचा विषय तिथंच संपला. चूक माझी, असं मी म्हटलं, पण गावानं खापर फोडलं ते म्हातारीच्या हाताच्या विटाळावरच. मला नुसतं मूर्ख म्हणून सोडून दिलं.

ती पाराजवळ वाकून बसली होती. ओकून ओकून घसा सुकलेला. "पानी," म्हणाली. विहीर पंधरा-वीस पावलांवर. मी पोहरा शेंदून आणला. तिनं सवयीनं दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. पाटील बघत होते. पोहरा तिच्या हातात द्यायचा होता. मी वरून पाणी ओतलं.