हजारोंच्या वर्गातली वहिनी

दुपारी वहिनीकडे गेले, तेव्हा ती मोबाइलसमोर हात वर करून बसली होती. पडद्यावर, रेकॉर्ड केलेल्या धड्यातल्या सरांनी नुकतंच "काही शंका?" असं विचारलं होतं. मला पाहून तिनं हात खाली घेतला. "जुनी सवय गं," ती हसून म्हणाली.

लग्नामुळे सुटलेलं संख्याशास्त्र ती आता ऑनलाइन शिकते आहे. वयाची अट नाही, प्रवेशाची धावपळ नाही, एकाच वर्गात हजारो जण. कॉलेजात खाली घातलेली मान तरी सरांना दिसायची. इथे सर पुढे निघून जातात आणि मागे राहिलेले गुपचूप गळतात. वहिनीही संभाव्यतेच्या धड्यावर अडली होती. "सोडून देते आता," म्हणाली.

तरी त्या संध्याकाळी तिनं आपली शंका वर्गाच्या ऑनलाइन चर्चेच्या पानावर लिहिली. सरांचं उत्तर आलं नाही. नांदेडच्या एका बाईंचं आलं, 'मीही इथंच अडकलेय. फोन करू का?'

तेव्हापासून दोघी दुपारी फोनवर गणितं सोडवतात, चुकतात, कधी वादही घालतात. धडे वेळेत न संपल्यानं परीक्षा मात्र दोघींचीही हुकली. मला वाईट वाटलं, तसं मी बोलूनही दाखवलं.

"पुढच्या वेळी देऊ," वहिनी म्हणाली. "सरांचा वर्ग संपला. आमचा चालू आहे."