दिवा विझवला, बिघाड तसाच

आज आमची जुनी गाडी बघायला खारघरहून एक जोडपं आलं, सोबत तान्हं बाळ. ते पोचायच्या दहा मिनिटं आधी आमच्या ह्यांनी गाडीला कोड रीडर, म्हणजे बिघाड शोधायचं यंत्र, लावलं आणि इंजिनमधला बिघाड दाखवणारा पिवळा दिवा घालवला.

"काका, दर शनिवारी घाट चढायचाय," ती मुलगी म्हणाली.

"बिनधास्त चढेल!" हे म्हणाले.

मी म्हटलं, "नाही चढणार. इंजिन तापतं. दिवा ह्यांनी आत्ताच विझवलाय."

ते दोघं आभार मानून निघून गेले.

"तुला कोणी विचारलं होतं?" हे म्हणाले.

"तिने. तुम्ही ऐकलं नाहीत."

तेव्हापासून अबोला आहे. मला त्याची काही गैरसोय नाही. पण बिघाड शोधायचं यंत्र बिघाड लपवायला वापरणारे फक्त आमच्याच घरात आहेत, की तुमच्याकडेही?