कलचट्टीची चीर

कमलाक्षी मुळातच भित्री. झुरळाला भ्यायची, प्रिन्सिपॉलला भ्यायची आणि सासूला तर सगळ्यांहून जास्त. चंद्रमती काही वाईट बाई नव्हती हो, पण तिचं ते नुसतं बघणं! तेवढंच पुरे व्हायचं.

त्या वर्षांत तंजावरात जिकडेतिकडे इंग्लिश मीडियमच्या शाळा निघत होत्या. त्यातल्याच एकीत कमलाक्षी शिकवायला लागली. धड्यात शब्द आला, 'ड्यूरेबल'. टीव्हीवरच्या नव्या कुकरच्या जाहिरातीतली बाईही रोज हेच घोकायची. पोरांना खरं टिकाऊ काय ते दाखवावं म्हणून कमलाक्षीनं सासूची कलचट्टी, म्हणजे वरणाचं दगडी भांडं, न विचारता उचलली. वरण नुकतंच काढलेलं, भांडं अजून तापलेलं, आणि घाईत या बाईनं ते नळाखाली धरलं! तापल्या कलचट्टीला गार पाणी लावू नये, हे त्यांच्या राजवाड्यामागच्या गल्लीत शेंबडं पोरसुद्धा जाणतं. टिक् झालं. बुडाला केसाएवढी चीर.

तरी तेच घेऊन ती वर्गात गेली. भांडं ड्यूरेबल, कापड ड्यूरेबल, मैत्रीही ड्यूरेबल असते, तिनं सांगितलं. लावण्या नावाच्या पोरीनं विचारलं, "मिस, आमची आजी?"

"नाही गे. माणसाला तसं म्हणत नाहीत."

संध्याकाळी भांडं मुकाट जागेवर ठेवलं. आत्ता सांगते, मग सांगते, करता करता तोंडाला कुलूपच. तेवढ्यात चंद्रमतीनं तेच शेगडीवर चढवलं आणि पाट ओढून अगदी लगत बसली. सांगावं तर सासू खवळणार, न सांगावं तर उकळतं आंबट वरण त्या म्हाताऱ्या पायांवर!

"अम्मा, सरा! फुटलंय ते! मीच फोडलं!" किंचाळत तिनं सासूला दंडाला धरून ओढलं.

चंद्रमतीनं शांतपणे झाकण उचललं. आत नुसतं गार पाणी. शेगडी पेटवलेलीच नव्हती, हेही भीतीच्या भरात कमलाक्षीनं पाहिलं नव्हतं.

"चीर मघाशीच बोटाला लागली," सासू म्हणाली. "तू सांगतेस का ते बघत होते. डोळे गेले माझे, गुडघे गेले. उद्या माझा पदर पेटला आणि तू भिऊन गप्पच राहिलीस तर? मला पण भीती वाटते, गे."

कमलाक्षीनं तिचा दंड अजून सोडला नव्हता.