उजव्या खांद्यावरचा पदर

जबलपूरजवळच्या खमरियातल्या आमच्या क्वार्टरांच्या ओळीत इस्त्रीकाकू सवयीच्या हाताने, डोळे मिटून इस्त्री करायच्या. कपड्यांना नव्हे, आमच्या चित्रांना. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या जुन्या चादरीचे चौकोनी तुकडे करून आम्हा पोरांना द्यायच्या, आणि आम्ही त्यांवर मेणाचे खडू दाबून दाबून चित्रं काढायचो. मग चित्रावर वर्तमानपत्र, वरून गरम इस्त्री. मेण वितळून कागदात जायचं, रंग कापडात राहायचा. खोलीभर तो उबदार वास पसरला की दुपार जागच्या जागी थांबल्यासारखी वाटे.

आम्हाला कागद उचलायची घाई. काकू म्हणत, "काहून घाई करून राहिले? रंग झोपून राहिले अजून. चलो, पाणी पिऊन या." आम्ही खरंच पाय न वाजवता माठाकडे जायचो. चित्राला नावं ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. माझ्या म्हशीचं मात्र त्यांनी हत्ती समजून कौतुक केलं होतं.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. घरातला तिचा फोटो लग्नातला, तो मला कुणा परक्या बाईचा वाटे. म्हणून मी चादरीच्या अशाच एका रुमालाएवढ्या तुकड्यावर माझी आई काढली: हिरवी साडी, डाव्या खांद्यावर पदर, हातात वाटी. तो रुमाल गरम पाण्यात घालू नको, असं काकूंनी बजावलं होतं. पण मला आई स्वच्छ ठेवायची होती. मी तो सोडा घालून उकळत्या पाण्यात भिजवला. रुमाल पांढराशुभ्र निघाला.

रडत काकूंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी पलंगावरची गादी उचलली. खाली आमच्या चित्रांवरचे सगळे कागद एकावर एक रचून ठेवले होते. कापडं आम्ही घरी न्यायचो, कागद त्या जपायच्या. एका कागदावर, हिंदी बातम्यांवर, मेणात उमटलेली माझी आई होती. फिकट, आणि उलटी. पदर उजव्या खांद्यावर, शेजारच्या हिंदी बायका घेतात तसा.

"उलटी आहे," मी म्हणाले.

"असू दे बाई. जबलपूरचीच होती ना ती. घेऊन जाय."

त्याच वर्षी काकूंचे यजमान, आमचे काका, रिटायर झाले आणि दोघं लेकाकडे पाटन गावी गेली. टेम्पोत काकूंच्या मांडीवर इस्त्री होती. मला त्यांची अजून फार आठवण येते.

तो कागद आता पिवळा पडलाय, जबलपूरच्याच नेपियर टाउनमधल्या माझ्या घरात फ्रेममध्ये आहे. डोळे मिटले की आई दिसते, ती उजव्या खांद्यावर पदर घेऊनच.