बंदरावर पुन्हा भरलेली बॅग

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. बंदरावरची ती सकाळ मात्र वेगळी राहिली आहे. संबंधितांची नावे मी येथे देत नाही. त्याची आवश्यकताही नाही.

त्या वेळी मी पश्चिम उपनगरातील एका पोलीस ठाण्यात गुन्हे प्रकटीकरण पथकाचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी संपली की ठाण्यासमोरच्या टपरीवर मी उभ्याने चहा घेत असे. खबऱ्यांना ते माहीत होते. गोरेगावात गॅरेज चालवणारा एक जण त्या दिवशी शेजारी येऊन उभा राहिला.

"साहेब, विमानतळावर हल्ली लय तपासतात. माल आता बोटीने येतो."

"कसली बोट?"

"ती सहलीची, मोठी. श्रीलंकेवरून परत येतेय. सोनं आहे. घाटकोपरची एक म्हातारी आणि तिची पोरगी. बाहेर आमच्या गल्लीतला टॅक्सीवाला उभा राहणार."

"म्हातारी सोनं आणते?"

"आजकाल कोण काय आणेल, सांगता येतं का?"

तस्करी हा सीमाशुल्क विभागाचा विषय. वरिष्ठांच्या परवानगीने मी माहिती त्या विभागाकडे दिली. बंदरावरील तुकडीच्या प्रमुख एक महिला अधीक्षक होत्या. टॅक्सीवाला माझ्या हद्दीतला असल्याने त्यांनी मला जहाज लागण्याच्या वेळी हजर राहण्यास सांगितले.

विमानाने येणारा प्रवासी आणि जहाजाने येणारा प्रवासी यांत एक फरक असतो, तो येथे सांगितला पाहिजे. जहाज बंदराला लागण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रवासी आपल्या मोठ्या बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवतात. प्रत्येक बॅगेला रंगीत चिठ्ठी बांधलेली असते. कर्मचारी त्या उचलून नेतात. सकाळी प्रवासी हातातल्या पिशवीनिशी उतरतो, इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्टवर शिक्का घेतो आणि मग मोठ्या दालनात रंगानुसार लावलेल्या बॅगांमधून आपली बॅग शोधतो. त्यानंतर कस्टम्स. म्हणजे रात्रभर बॅग मालकाच्या नजरेआड असते.

मायलेकींनी शिक्के घेतले. आईने निळ्या चिठ्ठीची तपकिरी बॅग ओढत आणली. अधीक्षक बाईंनी त्यांना बाजूच्या खोलीत घेतले. पंचांसमोर बॅग उघडली. साड्यांच्या खाली, कापडात गुंडाळलेले जड पाकीट निघाले. आत सोन्याची पूड मिसळलेला लगदा होता.

आई साठीच्या पुढची. मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर पोळीभाजीचे डबे देऊन तिने मुलीला शिकवले होते. मुलगी परिचारिका. परदेशातील एका रुग्णालयात तिची नेमणूक झाली होती आणि पुढच्याच आठवड्यात तिला निघायचे होते. जाण्यापूर्वी आईला एकदा समुद्रावर न्यायचे म्हणून ही सहल. गुन्हा दाखल झाला असता तर पासपोर्ट जमा झाला असता आणि नोकरी गेली असती. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते.

"बॅग कोणाची?" अधीक्षक बाईंनी विचारले.

"माझी," मुलगी म्हणाली. "चिठ्ठीवर माझं नाव आहे बघा."

"तू गप रव गं. बॅग माझी आसा, मॅडम."

"आई, तू मध्ये बोलू नको ना."

"मगे कोणी बोलायचा? साड्यो काय तू नेसतंस?"

चिठ्ठीवरून काही ठरत नव्हते. आरक्षण मुलीच्या नावे असल्याने दोन्ही बॅगांवर तिचेच नाव होते. दोघींना वेगळे बसवले. मुलीला बॅगेतील वस्तू सांगता आल्या नाहीत. आईने साड्या रंगांसकट सांगितल्या. बॅग आईची होती, हे सिद्ध झाले. तिच्या दृष्टीने ते वाईटच होते.

अधीक्षक बाईंनी तिला सरळ विचारले, "तुमच्या बॅगेला दुसऱ्या कोणी हात लावला होता का?"

कोणीही या प्रश्नावर हो म्हटले असते. सुटकेची वाट त्यातूनच जात होती.

"मी बघूक नाय," ती म्हणाली. "बघूक नाय ता कसा सांगू? उगाच कोणाच्या पोराचा नाव घेऊ?"

"कुलूप का लावलं नव्हतं?"

"शेजारीण म्हणाली, कुलूप लावलंस तर कस्टमवाले फोडतत. नवी बॅग आसा, मॅडम."

एक शिपाई हसला. अधीक्षक बाई हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कागदावर प्रकरण पूर्ण आहे. बॅग तिची, माल बॅगेत, बाहेर टॅक्सी. अटक करायला हरकत नाही. पण करावीशी वाटत नाही."

"जहाज कधी सुटतं?"

"संध्याकाळी. पुढच्या फेरीला."

संध्याकाळनंतर जहाजावरचा कोणीही आमच्या हाती लागला नसता. पकडलेल्या आरोपीला सोडून पुन्हा शोध घ्यायला अधिकारी सहसा तयार होत नाही. या बाई तयार झाल्या. मला त्या वेळी त्यांच्याविषयी आदर वाटला आणि तो अजून आहे.

घरफोडीच्या तपासात मी एक पद्धत वापरत असे. घरमालकाला काय गेले हे विचारत बसण्यापेक्षा कपाट पुन्हा लावायला सांगत असे. माणसाच्या तोंडापेक्षा हाताला अधिक आठवते. बाईंच्या परवानगीने मी आईला म्हटले, "बॅग पुन्हा भरा. जहाजावर भरली होती, अगदी तशी."

ती खाली बसली. आधी चपला, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यावर चादर. मग साड्या, प्रत्येकीची घडी हाताने दाबून. उजव्या कोपऱ्यात तिने मोकळी जागा सोडली, भोवती परकर लावले आणि तिचे दोन्ही तळवे त्या जागेवर थांबले. काहीतरी गोल वस्तू धरल्यासारखे.

"माझो डबो खंय?"

"कसला डबा?"

"स्टीलचो. लाडवांचो. लग्नात मामान दिलेलो. नाव घातलेला आसा त्याच्यार."

टेबलावर, खुर्चीखाली, दुसऱ्या बॅगेत, सर्वत्र पाहिले. डबा नव्हता. ज्याने पाकीट ठेवले होते त्याला जागा हवी होती. त्यासाठी त्याने डबा काढून घेतला होता.

मुलीला विचारले, "टॅक्सी कोणी ठरवली?"

"आमच्या खोलीची साफसफाई करायचा त्या मुलाने. म्हणाला, माझा भाऊ टॅक्सी चालवतो, घाटकोपरला वाजवी भाड्यात सोडेल."

बाहेर माझ्या माणसांनी टॅक्सीवाल्याला ताब्यात घेतले. अधीक्षक बाईंनी जहाजावर झडती पथक पाठवले. त्या कर्मचाऱ्याच्या बिछान्याखाली, गणवेशाच्या आड, डबा मिळाला. निम्मे लाडू संपले होते. गूळ-आल्याच्या पाकातले, कोकणातल्या जत्रेत मिळतात ते खटखटे लाडू.

कर्मचारी तिशीतला, राहणारा गोरेगावचा. तो बेफिकीर होता.

"डबा माझा आहे. आईने दिला."

"तुझं आडनाव काय?" मी विचारले.

त्याने सांगितले. मी झाकण उलटे करून त्याच्यासमोर धरले. त्यावर कोरलेले दुसरेच आडनाव त्याने वाचले आणि मान खाली घातली.

"चारी बाजूंना समुद्र होता," मी म्हटले. "डबा टाकून का दिला नाहीस?"

त्याने झाकणाकडे पाहिले. मग म्हणाला, "झाकण उघडलं साहेब. वास आला. कित्येक महिने बोटीवर आहे, घरचं काही खाल्लं नव्हतं. टाकवलं नाही." त्यानंतर त्याने सर्व सांगितले. कोलंबोत माल कोणी दिला, गोरेगावात कोण घेणार होता, टॅक्सीवाला डिकीतून पाकीट कसे काढणार होता. संगनमतातले इथले सर्व जण त्याच दिवशी मिळाले.

त्याला खोलीतून नेताना दारात आई उभी होती. तिने त्याला थांबवले.

"खंयचो रे तू?"

"कणकवलीचो."

"लाडू खाल्लंस मा?"

"खाल्लंय, मावशे."

तिने मुलीकडे बोट केले. "मगे माझ्या चेडवाच्या पोटार पाय कित्याक देत होतंस?"

इतक्या चौकशा मी केल्या, पण असा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

अधीक्षक बाईंनी दोन्ही पासपोर्ट आईच्या हातात दिले आणि उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्हाला त्रास झाला." आई म्हणाली, "तुमचा काम तुम्ही केलात. डबो देतास ना?" डबा मिळणार नव्हता. तो मुद्देमाल होता. मुलगी ठरल्या दिवशी परदेशी गेली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणूस कोठे खोटे बोलतो हे शोधण्यात आमची हयात जाते. खरे बोलणारा माणूस समोर बसला तर त्याला ओळखण्यासाठी थोडा वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ कोणताही नियम देत नाही. तो अधिकाऱ्याने स्वतः काढायचा असतो. त्या बाईंनी तो काढला. आणि स्वतःची मुलगी पणाला लागली असताना न पाहिलेली गोष्ट पाहिली असे न सांगणारी साक्षीदार मला नोकरीत पुन्हा भेटली नाही.

पुढे छायाचित्रे नोंदीत ठेवून डबा परत देण्याचा आदेश न्यायालयाने दिला. तोवर मी निवृत्त झालो होतो. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिच्या अधिकारपत्रावर डबा मीच ताब्यात घेतला. तो घासून पुसून घाटकोपरला न्यायला निघालो, तेव्हा पत्नीने विचारले, "रिकामा नेणार?" तिने त्यात रव्याचे लाडू भरले. न्यायालयाचा आदेश झालेला असल्याने मी हरकत घेतली नाही.

आईने झाकण उघडून पाहिले. आत गेली आणि लाडू दुसऱ्या भांड्यात काढून, डबा खटखट्या लाडवांनी भरून बाहेर आली.

"मी कोणाकडून काही घेत नाही," मी सांगितले.

"घेव नका. खावा. डबो मगे आणून द्या."

या गोष्टीला बरेच दिवस झाले. डबा सध्या आमच्या घरी आहे. येत्या रविवारी घाटकोपरला जायचे आहे. पत्नी विचारते आहे, या वेळी काय भरायचे.